निम्मी चूक

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला चुका शिकवतात. करायला नव्हे, त्यासाठी कॉलेजची फी भरावी लागत नाही. चुकांचे प्रकार शिकवतात. जमाखर्चाच्या पुस्तकात या विषयाला एक स्वतंत्र धडा दिलेला असतो. नोंद करायचीच राहून गेली, ही एक चूक. नोंद केली, पण कुलकर्ण्यांची रक्कम देशपांड्यांच्या नावावर टाकली, ही दुसरी. यंत्र विकत घेतलं आणि खर्च दुरुस्तीखाती टाकला, ही तत्त्वाची चूक. हिला परीक्षेत मार्क जास्त असतात. आणि चौथी म्हणजे भरपाईची चूक. डाव्या बाजूला शंभर रुपये कमी धरले गेले, उजव्या बाजूला अगदी निराळ्या कारणाने शंभरच कमी धरले गेले, आणि संध्याकाळी तेरीज जुळली. सगळे खूश! दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसल्या की लांबून बघणाऱ्याला त्या दोघी मिळून सत्य वाटतात. भांडलेले व्याही लग्नाच्या फोटोत शेजारी शेजारी उभे राहून हसतात ना, तसंच हे.

पुढे बँकेत चिकटलो आणि धडा मागे पडला. पण प्रश्न काही मागे पडला नाही. चूक सापडली की तिचं करायचं काय? मोडून काढायची, झाकून टाकायची, की नाव-गाव-पत्त्यासह लिहून ठेवायची? वास्तविक हा नीतिशास्त्रातला प्रश्न. तो दाढीवाल्या माणसांनी सोडवावा, क्लार्काने आपलं पासबुक भरून द्यावं. परंतु आमचे साडू अण्णा यांनी गेले दोन हिवाळे मला या प्रश्नाशेजारी मफलर बांधून उभं केलं आहे.

अण्णा आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यावर पोट भरलेला माणूस. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, निदान गुडघ्यांविषयी तरी बोलू लागतात. अण्णांनी सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली. साळकाया-माळकायांनी विचारलं, "अहो, या वयात आकाशात काय शोधता?" अण्णा म्हणाले, "आकाशात काही नाही. आकाश ठीकच आहे. दोष सगळा माउंटमध्ये आहे."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. दुर्बीण म्हणजे शेवटी नळी. नळीला स्वभाव नसतो. स्वभाव असतो तो तिच्या बैठकीला, म्हणजे माउंटला. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेते, त्यामुळे तारे दर सेकंदाला १५ विकला या वेगाने पश्चिमेला पळतात. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. दुर्बिणीतून मात्र तारा लोकल गाडीसारखा जातो. शनी दिसला म्हणून सौ.ला हाक मारावी, तिने गॅस बारीक करून वर यावं, तोवर शनीची कडी पलीकडच्या इमारतीच्या हद्दीत. यावर उपाय म्हणून इक्वेटोरियल माउंट. त्याला दोन आस असतात. त्यातला एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा आणि मोटर लावून पृथ्वी जितक्या वेगाने इकडे फिरते तितक्याच वेगाने नळी तिकडे फिरवायची. जमा तेवढेच नावे. तारा जागच्या जागी राहतो. युक्ती इतकी साधी, की फ्राउनहोफर नावाच्या जर्मन कारागिराने १८२४ साली दोर्पातच्या वेधशाळेसाठी घड्याळाच्या यंत्राने चालणारी अशी बैठक करून दिली, ती मांडणी अजून 'जर्मन' म्हणूनच खपते.

मेख एवढीच, की तो आस पृथ्वीच्या आसाला खरोखर समांतर पाहिजे. म्हणजे तुमच्या गावचा जो अक्षांश तेवढाच कलता पाहिजे. पुण्याला साडेअठरा अंश. पुण्यातच १८८८ साली सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा निघाली होती, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. प्राध्यापक कावसजी नेगमवाला तिचे प्रमुख. ते १९१२ साली निवृत्त झाले आणि तिथली २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनाल सव्वादहा अंशांवर. म्हणजे पुण्यात जो आस साडेअठरा अंश मान वर करून होता, त्याला तिकडे सव्वाआठ अंश मान खाली घालावी लागली. बदली झालेल्या माणसाचंही असंच होतं. पुण्यात बरोबर असलेला कोन कोडाईकनालला चूक ठरतो, आणि यात पुण्याचंही काही चुकलेलं नसतं. नसतंच म्हणा, पण पुणेकराला हे मुद्दाम सांगावं लागत नाही.

आता हा आस रोखायचा कुठे? तुम्ही म्हणाल, ध्रुवाकडे. मीही हेच म्हणालो. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून ढकललेलं ते पोर, तप करून अढळपद मिळवलेलं. लग्नात भटजी नवरा-नवरीला त्याचं दर्शन घडवतात. (भर दुपारी साडेबाराला, कार्यालयाच्या पंख्याकडे बोट दाखवून. नवी नवरी 'दिसला' म्हणते. संसाराची सुरुवातच अशी भरपाईच्या नोंदीने होते.) पण अण्णांनी सांगितलं ते ऐकून माझी श्रद्धा डळमळली. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नाहीच! अर्ध्या अंशाहून अधिक बाजूला आहे. म्हणजे मध्ये एक अख्खा पूर्ण चंद्र बसवून वर थोडी जागा उरेल. अढळ म्हणवणारा हा तारा रोज त्या बिंदूभोवती लहानसं रिंगण घालतो. पद मंजूर एका जागी, ताबा शेजारच्या प्लॉटचा! शिवाय पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, आणि एवढ्या खालून येणारा प्रकाश हवेत वाकतो, त्यामुळे सगळं सुमारे ३ कला उचलून दिसतं. म्हणजे ध्रुव बिंदूवर नाही, आणि जिथे दिसतो तिथेही नाही. आमच्या गच्चीवरून तर तो पाण्याची टाकी आणि मंगल कार्यालयाची रोषणाई यांच्या मध्ये कुठेतरी असावा, असा एक प्रवाद आहे.

मग अण्णांनी ध्रुवाचा नाद सोडला आणि जुनी रीत धरली. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमाराला मृग नक्षत्र डोक्यावर दक्षिणेकडे येतं. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे. त्यातला पश्चिमेकडचा जवळजवळ बरोबर विषुववृत्तावर आहे. तो तारा आयपीसमधल्या तारांच्या फुलीवर धरायचा, मोटर चालू ठेवायची आणि बसून राहायचं. तारा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकू लागला की समजायचं आस चुकला. दक्षिणेला सरकला तर आस पूर्वेकडे कलला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेला वर आलेला मघेचा तारा धरायचा. तो दक्षिणेला घसरला तर आस खाली बसलाय, उत्तरेला गेला तर फार वर उचललाय. स्क्रू किंचित पिळायचा, पुन्हा फुलीवर घ्यायचा, पुन्हा बसायचं. दुर्बिणीत उत्तर-दक्षिण उलटीपालटी दिसते, म्हणून नळीला उत्तरेच्या बाजूला बोटाने हळूच टिचकी मारून तारा कुठे जातो ते आधी बघून ठेवायचं. एका ताऱ्याला पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. जितका वेळ जास्त बसाल तितकी बारीक चूक दिसते.

या बसण्यात मला एक गोष्ट फार आवडली. चूक काय आहे हे इथे कोणी सांगत नाही. तारा नुसता सरकतो. आमच्या साहेबांसारखा तो 'हे काय चाललंय?' असं ओरडत नाही. बरं, स्क्रू चुकीच्या दिशेला पिळला तर तो दुप्पट वेगाने सरकतो, पण अपमान करत नाही.

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. ते एकदा वर आले, आणि वीस मिनिटं काहीही न करता एका ताऱ्याकडे पाहणारी दोन प्रौढ माणसं बघून त्यांना आमची दया आली.

"काका, हे कशाला? माउंटच्या हॅन्डसेटला तीन तारे दाखवा. तुमचा आस किती नि कुठे चुकलाय ते तो गणित करून काढतो आणि पुढे तेवढं सांभाळून घेतो."

"सांभाळून घेतो म्हणजे चूक काढतो?"

"काढत नाही. पण तुम्हांला कळू देत नाही."

"अरे, मग तो हॅन्डसेट आहे की तुझी मावशी?" अण्णा म्हणाले.

पण पोराचं खरं होतं. तीन तारे दाखवल्यावर ते यंत्र आस वाकडा असूनही मागाल तो ग्रह, मागाल तो तेजोमेघ आणून देऊ लागलं. अण्णांचा चेहरा पडला. तासभर तप करून जे मिळत नव्हतं ते पोराने चार बटणं दाबून मिळवलं. मग अण्णांनी फोटो काढायला घेतला. त्यासाठी एक मार्गदर्शक तारा धरतात. तो जरा हलला की यंत्र नळीला सावरतं. मधला तारा सुईच्या टोकासारखा आला. पण फोटोच्या कडांना सगळे तारे लहान लहान कमानी होऊन पडलेले. म्हणजे यंत्राने एका ताऱ्याला धरून ठेवलं, पण आस वाकडा असल्यामुळे बाकीचं आकाश त्या ताऱ्याभोवती गुपचूप फिरत राहिलं. अण्णांनी तो फोटो माझ्यापुढे धरला. मी तीस सेकंद बघितला आणि मला आमचा धडा आठवला. तेरीज जुळली होती, पण समासात सगळं वाकडं होतं.

आता इथे गोष्ट संपवून अण्णांना फुलांचा हार घालता आला असता. घाम गाळणारा कारागीर जिंकला, बटणं दाबणारी नवी पिढी हरली. आपल्याकडच्या व्याख्यानांना पुरेल एवढं तात्पर्य त्यात आहे. पण मला ते पटेना. कारण चूक मोडलीच पाहिजे, गणितात धरली की ती लबाडी, असं म्हणावं तर मोठी पंचाईत होते, आणि ती पंचाईत करणारा माणूस आमच्याच धंद्यातला निघाला.

फ्रीड्रिख बेसेल. जन्म १७८४. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीवर उमेदवारीला लागला. म्हणजे कारकूनच की! मालाच्या जहाजाबरोबर जायला मिळावं म्हणून तो समुद्रावरचं दिशागणित शिकू लागला, त्यातून ताऱ्यांकडे वळला, आणि विद्यापीठाची पायरी न चढता १८१० साली कोनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन बसला. (हे मी सौ.ला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चौदाव्या वर्षी सुरुवात केली होती ना त्यांनी?") या बेसेलचं म्हणणं असं, की निर्दोष यंत्र जगात नसतंच. कारागीर यंत्र एकदा पितळेत घडवतो, आणि ज्योतिर्विदाने ते दुसऱ्यांदा कागदावर घडवायचं असतं. आस किती कलला, फुली किती सरकली, नळी स्वतःच्या वजनाने किती वाकली, सगळं मोजायचं, लिहायचं आणि निरीक्षणातून वजा करायचं. त्याने फ्राउनहोफरच्याच घडणीची दुर्बीण घेतली, तिच्या खोड्या एकेक करून वहीत मांडल्या, आणि १८३८ साली हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर काढलं. ताऱ्याचं अंतर म्हणून पटेल असं हे पहिलंच माप. त्यासाठी मोजावा लागलेला कोन ०.३१ विकला. दोन किलोमीटरवर बसलेली मुंगी जेवढी दिसेल, साधारण तेवढा. आजचं माप ०.२९ च्या जवळपास आहे. खोड्या असलेल्या यंत्राने एवढी अचूक मुंगी!

जहाजावरच्या घड्याळांचंही हेच होतं. भर समुद्रात कप्तान ते घड्याळ पुढेमागे करत नसे. ते रोज किती सेकंद पुढे जातं ते बंदरात ठरवून कागदावर लिहिलेलं असायचं, आणि तेवढं वजा करून वेळ काढायची. रोज नेमाने चार सेकंद पुढे जाणारं घड्याळ चांगलं. कधी बरोबर आणि कधी दोन सेकंद मागे, ते वाईट. माउंटमधल्या वर्म गिअरची चूक अशीच नेमाची. चाकाला १८० दाते असले तर दर आठ मिनिटांनी तीच चूक, त्याच जागी, तेवढीच. तिची तक्रार करू नये. एकदा मोजून यंत्राला शिकवली की यंत्र तिला दर फेरीत आधीच सामोरं जातं. आमच्या ऑफिसातही एक गृहस्थ रोज बरोबर वीस मिनिटं उशिरा येतात. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी कोणाचीही गैरसोय केलेली नाही. गैरसोय होते ती एरवी वेळेवर येणाऱ्याची.

तेव्हा चूक मोडावी की मोजावी, हा वाद मला आता फारसा खरा वाटत नाही. हॅन्डसेटने सांभाळून घेतलं ते गणित आणि बेसेलने वजा केलं तेही गणितच. फरक वहीत आहे. बेसेलच्या वहीत चुकीला स्वतःचा रकाना होता, कोणीही येऊन तो तपासू शकत होतं. हॅन्डसेटला कितीही विचारलं तरी तो 'अलाइनमेंट सक्सेसफुल' एवढंच म्हणतो.

पण याहून अवघड भाग पुढेच आहे. चूक मोजायची म्हणता, पण मोजणार कशाने? मोजणारी पट्टीच चुकलेली असली तर?

यावर जी युक्ती आहे ती कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. ओट्याची फरशी बसवताना तो लेव्हल ठेवतो, बुडबुडा मध्ये आला की लेव्हल उचलून उलट्या तोंडाने पुन्हा ठेवतो. बुडबुडा मध्येच राहिला तर दोघेही सरळ. सरकला तर जेवढा सरकला त्याच्या निम्मा दोष फरशीचा, निम्मा लेव्हलचा. दुर्बिणीत एक चूक असते नळीच्या बसण्याची: नळी आपल्या आसाशी काटकोनात न बसता तिरकी बसते. ही चूक एका बाजूने बघून कधीच कळत नाही. अण्णा तारा फुलीवर घेतात, मग अख्खी नळी आसाच्या पूर्वेकडून उचलून पालथी करून पश्चिमेकडे आणतात आणि तोच तारा पुन्हा बघतात. फुलीपासून तारा जितका हटलेला दिसेल त्याच्या निम्मी चूक नळीची. तेवढी पत्र्याची शिम नळीखाली सारायची. दुसरी दुर्बीण नको, पट्टी नको, परीक्षक नको. वस्तू उलटी करायची आणि आपण तिकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. फरकाचे दोन भाग करायचे.

हे ऐकायला सोपं वाटतं. ग्रिनिचच्या वेधशाळेत, जिथे अख्ख्या साम्राज्याची घड्याळं लागायची, तिथे हे सुचलं नाही. तिथे मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि किनेब्रूक नावाचा त्यांचा मदतनीस होता. काम असं, की एका कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे आणि डोळ्याने तारा आयपीसमधल्या तारेवरून कोणत्या क्षणी जातो ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगायचं. मदतनिसाचे आकडे साहेबांच्या आकड्यांपेक्षा ०.८ सेकंद मागे पडू लागले. त्याला समज देण्यात आली. सुधारणा नाही. १७९६ साली त्याची नोकरी गेली. फरकाचा सगळाच्या सगळा भाग मदतनिसाच्या नावे पडला. साहेबांचा आकडा तो बरोबर, कारण तो साहेबांचा. या हिशेबपद्धतीत तेव्हापासून फारशी सुधारणा झालेली नाही.

वीसएक वर्षांनी ही हकिगत वाचली ती पेढीवरच्या त्या कारकुनानेच, बेसेलने. त्याला वाटलं, हे तपासून पाहावं. त्याने स्वतःचे वेध दुसऱ्या तज्ज्ञ ज्योतिर्विदांच्या वेधांशी ताडून पाहिले. आर्गेलांडर काही कच्चा माणूस नव्हे, पण दोघांत सव्वा सेकंदाच्या आसपास फरक निघाला! म्हणजे प्रत्येक डोळा-कानाची आपली एक ठरावीक चूक असते, साहेबाचीसुद्धा. तिला पुढे 'वैयक्तिक समीकरण' असं नाव पडलं आणि वेधशाळांच्या वह्यांत तिचा रकाना आला. किनेब्रूकला त्याचा उपयोग नव्हता. तो १८०२ सालीच गेला होता.

ही गोष्ट अण्णांनी सांगितली तेव्हा मी गप्प झालो, कारण अशीच एक मला ठाऊक होती.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाखेत होतो तिथे एक नवीन मुलगी कॅशला बसायची. सहा महिन्यांची नोकरी. एका संध्याकाळी तिची कॅश पाचशे रुपयांनी शॉर्ट आली. पाचशेला नऊने भाग जात नाही, त्यामुळे आकड्यांची अदलाबदल झाली असेल अशी आशा नव्हती. सगळ्या स्लिपा दोनदा लावल्या. पाचशे ते पाचशेच. पोर रडवेली. नियमाप्रमाणे कॅशियरने भरून द्यायचे, आणि शॉर्टची नोंद नावावर राहते. तेव्हा आम्ही पाच जणांनी शंभर-शंभर काढले. ते ड्रॉवरमध्ये टाकायचे, कॅश टॅली झाली म्हणायचं, घरी जायचं. माणुसकी म्हणून यात काय वाईट होतं? मला अजूनही त्या नोटा वाईट वाटत नाहीत.

आमचे हेड कॅशियर जुने गृहस्थ. त्यांनी नोटा परत केल्या. म्हणाले, "पोरीला द्यायचे असतील तर बाहेर जाऊन द्या. ड्रॉवरला कशाला देता? उद्या परत झालं तर मला कळणार कसं?"

आम्हांला तो माणूस त्या दिवशी दगड वाटला. शॉर्टची नोंद झाली. मुलीने पैसे भरले. आमचे शंभर-शंभर तिने घेतले नाहीत. हेड कॅशियरांच्या देखत आम्ही ते पुढे केले, हे कदाचित तिला आवडलं नसावं. बारा दिवसांनी पुन्हा पाचशे शॉर्ट. आता कुजबूज सुरू झाली. आठ महिन्यांपूर्वी जे तिच्यासाठी पेढे खात होते तेच 'आजकालची मुलं, लक्ष मोबाइलमध्ये' म्हणू लागले. त्यावर हेड कॅशियरांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. तिला स्वतःच्या काउंटरला बसवलं आणि स्वतः तिच्या काउंटरला जाऊन बसले. तीस वर्षं कॅश केलेला माणूस. तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात त्यांचीच कॅश पाचशेने शॉर्ट आली. त्यांनी स्वतःच्या नावे नोंद केली, खिशातून पैसे भरले, आणि दुसऱ्या दिवशी त्या काउंटरवरचं नोटा मोजायचं मशीन उघडायला लावलं. नव्या करकरीत नोटा एकमेकींना चिकटून आल्या की ते कधीमधी दोन नोटा एक म्हणून मोजत होतं.

आम्ही तिचं अभिनंदन करायला गेलो. हेड कॅशियर तिथेही म्हणालेच, "मशीन चुकलं हे खरं. पण नवं बंडल असलं की हाताने एकदा मोजायचं असतं. निम्मं आपलं." हे ते तिला म्हणाले की स्वतःला, ते मला सांगता येणार नाही, कारण म्हणताना ते मशीनकडे बघत होते. मशीन दुरुस्त झालं. तिने भरलेले एक हजार रुपये तिला परत मिळाले नाहीत. झालेली वसुली उलटी फिरवायला आमच्या फॉर्मात रकाना नव्हता. ती पुढे दुसरी परीक्षा देऊन दुसऱ्या बँकेत गेली. आता ऑफिसर आहे.

मी ही हकिगत अण्णांना सांगितली. ते म्हणाले, "तुमच्या हेड कॅशियरांना एकदा गच्चीवर आणा." नंतर बराच वेळ आम्ही दोघे मघेच्या ताऱ्याकडे पाहत बसलो. तो दक्षिणेला सरकत होता, पण अगदी सावकाश.

अण्णांनी अलीकडे एक वही घातली आहे. दुर्बिणीची खतावणी. कॉमर्सचा माणूस म्हणून ती तपासून द्यायचं काम माझ्याकडे आहे. डाव्या पानावर चूक, उजव्या पानावर तिची वासलात. 'आस: पूर्वेला २ कला. सोसण्यासारखी.' 'वर्म गिअर: दर आठ मिनिटांनी. मोजून यंत्राला दिली.' 'नळीचा तिरकेपणा: निम्मा फरक शिम घालून काढला.' 'हवा: ३ कला. इलाज नाही.' चिरंजीवांनीसुद्धा वहीत एक पान मागून घेतलं आहे. हॅन्डसेट काय काय लपवतो ते ते त्यात लिहितात. मागच्या रविवारी तपासताना मला एक नवी नोंद दिसली: 'साडू: गच्चीवर फिरल्यास तारा हलतो. खुर्चीत बसल्यास स्थिर.'

मी रीतसर हरकत घेतली. म्हटलं, गच्चीचा स्लॅब बिल्डरने पातळ टाकलाय, त्याचा भाग कुठाय? अण्णा म्हणाले, ठीक, उलटं करून बघू. तुम्ही आयपीसला डोळा लावा, मी फिरतो. अण्णांनी टाकीपासून जिन्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. तारा फुलीवरून हलला नाही. पण अण्णांचं वजन चोपन्न किलो आहे, हे त्या प्रयोगात कुठेच धरलेलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. नोंद राहिली, फक्त 'साडू'च्या आधी मी माझ्या हाताने 'स्लॅब व' असे दोन शब्द घालून घेतले आणि समासात सही केली.